बजरंगाची पाठराखीण

कामशेतजवळच्या खेड्यातली सरुबाई म्हणजे पंचक्रोशीतली नावाजलेली पाठराखीण. नवी नवरी सासरी निघाली की सरुबाई तिच्यासोबत जायची, चार दिवस राहायची आणि पोरगी रुळली की परतायची. आपण सोबत गेलेली एकही पोरगी माहेरी पळून आली नाही, हे ती कुणी विचारलं नाही तरी सांगायची.

तर झालं असं, की मुक्ताबाईचा बजरंग पुण्याच्या कॉलेजात गेला. असा गावातला पहिलाच मुलगा. गावाने हलगी वाजवत त्याला कामशेत स्टेशनापर्यंत पोचवला आणि आठवड्याच्या आत स्वारी घरी हजर. समजावून धाडला, तर पुन्हा हजर. आता आणखी पळाला तर नाव काढून टाकू, असं वसतिगृहाच्या रेक्टरसाहेबांनी बजावलं. मुक्ताबाईने अन्नपाणी सोडलं, आणि बजरंगाचं आपलं एकच, "मला तितं करमत न्हाई."

"आरं, हे तर नव्या नवरीचं दुखणं!" सरुबाई म्हणाली, आणि गाठोडं बांधून त्याच्याबरोबर गाडीत बसली. गावात शहाणी माणसं पुष्कळ होती, पण एकालाही यात काही वावगं वाटलं नाही.

वसतिगृहाच्या दारात रेक्टरसाहेब आडवे आले. "इथे बायकांना परवानगी नाही."

"मी पाठराखीण हाय," सरुबाई पदर सारखा करत म्हणाली. "हितली सासू तुमीच न्हवं? पोराचं काय चुकलंमाकलं तर पदरात घ्या. आन् अंगाची हळद उतरंस्तोवर लय कामाला जुंपू नका."

साहेबांनी घाम पुसत नियम चाळले. त्यांत पाठराखिणीबद्दल अक्षर नव्हतं. शेवटी तिने दिवसा फाटकाजवळच्या ओट्यावर बसावं आणि रात्री शिपायाच्या बायकोकडे निजावं, असं ठरलं.

"सासरी आदी जाऊ गाठायची," तिने ओट्यावरून पहिला धडा दिला. "सासूचं मागनं बघू. तुझ्या जावा कुटं हायत?"

"मावशी, हळू बोल!" बजरंग लाजेने अर्धा झाला.

मग तिने स्वतःच पहिल्या वर्षाची पोरं हेरली, कुणी कोकणातलं, कुणी साताऱ्याकडचं. भाजलेल्या शेंगा दाखवून त्यांना ओट्यावर बसवलं आणि सगळ्यांदेखत विचारलं, "काय रं, त्या इंग्रजीच्या मास्तरचं कुणाला कळतंय का?"

बजरंगाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर्गात आपण एकटेच ठोंबे, असं तो धरून बसला होता. पळत होता तो त्याचपायी. तेवढ्यात कोकणातला म्हणाला, "छे! मी नुसती मान हलवतो." साताऱ्याचा म्हणाला, "आणि मी तुझी बघून माझी हलवतो!" बजरंग असा हसला, की तोंडातल्या शेंगा फाटकातून आत येणाऱ्या रेक्टरसाहेबांच्या कोटावर उडाल्या. त्या दिवसापासून तिघं एकत्र अभ्यासाला बसू लागले.

निरोप घेताना पोरगी रडली नाही की समजायचं, रुळली. हा सरुबाईचा ठोकताळा. एका संध्याकाळी तिने गाठोडं बांधलं. बजरंग मैदानात आट्यापाट्या खेळत होता.

"मी निगाले रं!"

"व्हय मावशी, सांभाळून जा!" तो ओरडला आणि लगेच वळून धावला. फाटकापर्यंतसुद्धा आला नाही.

सरुबाई जिंकली होती. तरी कामशेत येईपर्यंत ती गाडीत हमसून हमसून रडली, इतकी की शेजारच्या बायांनी तुमचं कोण गेलं म्हणून चौकशी केली. गावात तिचे सुजलेले डोळे पाहून मुक्ताबाई धसकलीच. "काय झालं गं? पळालं का पोर?"

"न्हाई गं बाई," सरुबाई पदराला नाक पुसत म्हणाली, "नांदतंय!"