हॉलनं खाल्लेली जागा

धुळ्याच्या बसस्टँडवर मी पत्रकं वाटत होते तेव्हा सुनीलभाऊचा फोन आला. "अक्का गेली," एवढंच तो म्हणाला. माझ्या हातातलं पत्रक बायकांच्या संडासांबद्दलचं होतं. स्टँडवर आहेत ते कुलूपबंद का, उघडे आहेत तिथं पाणी का नाही, असं सगळं. पाणी प्यायला घाबरणाऱ्या बाईबद्दल त्यात एक ओळ आहे. ती मी अक्काला डोळ्यांसमोर ठेवून लिहिली होती. राहिलेला गठ्ठा पिशवीत कोंबला आणि जळगावची गाडी धरली. पारोळा, एरंडोल मागं गेलं तरी रडू येत नव्हतं. राग येत होता. आज काही आठवडे झाले, अजून तोच येतो. तेव्हा या लेखात कुणी शांतपणाची अपेक्षा ठेवू नये.

अक्का माझी आत्या. जळगावजवळच्या असोद्यात सगळ्यांचीच ती अक्का, म्हणून मीही कधी आत्या म्हटलं नाही. नवरा लवकर गेला, सुनीलभाऊ हा एकच मुलगा. आयुष्य कापूस वेचण्यात, केळीच्या बागेत वाकण्यात आणि चुलीपुढे उकिडवं बसण्यात गेलं, त्यामुळे साठीच्या आतच गुडघे गेले. तोंड मात्र शेवटपर्यंत धड होतं. मी जळगावात शिकायला आले, संघटनेत गेले, मोर्चे काढू लागले, तेव्हा नातेवाइकांत फक्त तिनं विचारलं होतं, "काय मांगता वं तुम्ही सरकारले?" मी म्हटलं, "सध्या संडास." ती इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. मग म्हणाली, "मांगा माय. देव मांगून झाला, आता हे मांगा."

गावाबाहेरच्या नव्या वस्तीत सुनीलभाऊनं प्लॉट घेतला होता. लहानच, गल्लीसारखा लांबट. इंजिनिअरनं काढून दिलेला नकाशा सगळीकडे असतो तसाच होता. पुढं हॉल, मागं स्वयंपाकघर, बाजूला एक खोली, आणि संडास-बाथरूम मागच्या अंगणाच्या टोकाला, कंपाउंडच्या भिंतीला चिकटून. पाया खोदण्याआधी मिस्तरीनं चुन्याच्या फक्कीनं आख्खं घर जमिनीवर आखलं. आखणी झाली की आमच्याकडे बायका हळद-कुंकू वाहतात, नारळ फुटतो, गूळ वाटतात आणि बायका घरी जातात. पुढचं पुरुष बघतात. अक्का गेली नाही. तिनं चप्पल काढली आणि जिथं दार होणार होतं तिथूनच आत शिरली. सुनीलभाऊ म्हणाला, "अक्का, इकडून ये ना सरळ, रेघच तर आहे." तर म्हणते, "भिंतीतून कशी येऊ रे? मी काय भूत हाये?"

मग त्या उघड्या प्लॉटवर, भर सकाळी, तिनं आपला दिवस चालून दाखवला. इथं उठले. इथं चूळ भरली. इथं ओटा, इथं पीठ मळलं, इथून देवाला दिवा. मीनावहिनी, म्हणजे सुनीलभाऊची बायको, तोंडाला पदर लावून हसत होती. मिस्तरीही हसत होता. शेवटी अक्का खोलीच्या रेघेत जाऊन उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, "आता मले लागली." आणि निघाली. खोलीच्या दारातून स्वयंपाकघरात, तिथून मागच्या दारात, पायरी उतरल्यासारखा पाय खाली सोडला, गुडघा धरला, मग अंगण, मग टोकाची चौकट. परत येईपर्यंत कुणी हसत नव्हतं. "पावसात एवढी वाट कोन जाईन?" तिनं विचारलं. "आन् उन्हात? आपल्या वैशाखात?"

त्या दिवशी आम्ही दोघींनी नकाशा बदलला. मी टेप धरला, तिनं जागा धरली. हॉल आणि खोली यांच्या मध्ये, जिन्याच्या खाली, एका बाजेएवढी पट्टी हॉलमधून काढली तर संडास घरात येत होता. दार खोलीच्या बाजूला. मी म्हटलं, दार बाहेर उघडणारं हवं, आत बाई पडली तर ते अडकायला नको, आणि भिंतीत धरायला दांडी हवी, आणि कमोडच हवा. कमोडवर ती लाजली, पण नाही म्हणाली नाही. अडली ती दुसऱ्याच गोष्टीवर. "देवाच्या भिंतीले संडास? पोरी, तू मोर्चेवाली, तुले चालेल. मले नाही चालत." तर मग देवघर पलीकडच्या भिंतीला नेलं. तिथं सकाळचं ऊन येत होतं, ते तिला जास्तच आवडलं. मिस्तरी म्हणाला, "जमते अक्का. पाइप सरळ मागं काढून देतो. फक्त हॉल थोडा लहान होईन." सुनीलभाऊनं मान डोलावली. मिस्तरीनं नवी फक्की ओढली. अक्का त्या नव्या चौकटीत जाऊन उभी राहिली, दोन्ही हात पसरून भिंती कुठं लागतात ते बघितलं, आणि म्हणाली, "बस. एवढंच पाह्यजे होतं." मी इतक्या सभा ऐकल्या, इतक्या मागण्या लिहिल्या. एवढी लहान मागणी मी दुसरी पाहिली नाही.

ती मागणी आठवडाभरसुद्धा टिकली नाही. सुनीलभाऊचा मुलगा राहुल तेव्हा तिशीला आलेला, पुण्यात एका कंपनीत कामाला. आमच्या भागात मुलाचं लग्न जमवणं म्हणजे काय, ते वाचणाऱ्यांना मी सांगायला नको. मुलीकडचे आधी विचारतात शेती किती, मग सांगतात शेती नको, नोकरी हवी. नोकरी असली की विचारतात गावात घर कसं आहे. रावेरकडची एक सोयरीक आली होती आणि मुलीचे मामा घर बघायला आले. घर नव्हतंच, चुन्याच्या रेघा होत्या. मामा त्या रेघांवरून सरळ चालत गेले, मधोमध उभे राहिले आणि म्हणाले, "हॉल एवढाच?" मग पावलं टाकून सोफा कुठं बसेल ते मोजलं. "दाजी, चार पाहुणे आले तर बसतील कुठं? पाहुणा हॉल पाहतो. मोरी-संडास पाहायला कोण येतं?"

मी तिथंच होते. मी म्हटलं, "मामा, पाहुणा दोन तास बसतो. अक्काला रोज राहायचं आहे." ते माझ्याकडे न बघता सुनीलभाऊला म्हणाले, "ही कोण? कॉलेजात बोलते वाटतं." सुनीलभाऊचे कान लाल झाले. तो मला म्हणाला, "तुझं पत्रक तू स्टँडवर वाट. माझ्या पोराच्या लग्नात नको वाटू." आणि त्यानं चपलेच्या टाचेनं ती नवी रेघ पुसायला सुरुवात केली. मीनावहिनी खाली बघत होती. किती मुलींचे नकार पचवले होते त्या बाईनं... मी तिच्याकडे बघितलं, तिनं माझ्याकडे बघितलं नाही. मी अक्काकडे वळले. वाटलं, आता ही बोलेल. ती म्हणाली, "होऊ दे. पोराचं व्हायले पाह्यजे."

पोराचं झालं. मुलगी चांगली आहे, तिचा यात काही संबंध नाही, तिला कुणी विचारलंही नव्हतं. दोघं पुण्यात राहतात, दिवाळीला येतात, एखादवेळी लग्नसराईत. हॉल तसाच मोठा राहिला. त्यात सोफा, काचेचं कपाट, छताला पांढरी नक्षी. अक्काची बाज बाजूच्या खोलीत. आणि संडास अंगणाच्या टोकाला.

मग अक्कानं पाणी सोडलं. उपास धरतात तसं कुणाला सांगून नाही. हळूहळू. सकाळी चहा, जेवताना दोन घोट, दुपारनंतर काही नाही. मला ते जळगावच्या उन्हाळ्यात लक्षात आलं, जेव्हा माणूस नुसतं बसलं तरी सुकतं. तांब्या पुढं केला तर म्हणाली, "पोरी, पानी पेलं की जानं लागते." मीनावहिनीनं बाजेखाली भांडं ठेवते म्हटलं होतं. अक्कानं ते उचलून बाहेर ठेवलं. "सूनबाईनं माहं भांडं उचलायचं? अजून तेवढी नाही झाली मी." मी सुनीलभाऊशी भांडले, दोनदा भांडले. तो म्हणाला, "आता भिंत फोडू का?" मी म्हटलं, "फोड." तो म्हणाला, "पुढच्या वर्षी बघू." तो वाईट माणूस नाही. हे लिहिताना मला तेच सगळ्यात जड जातंय. वाईट असता तर पत्रक काढलं असतं.

यंदाच्या उन्हाळ्यात तिला ताप आला. लघवीला आग होत होती ते तिनं कितीतरी दिवस लपवलं. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "या पाणी किती पीत होत्या?" मी दोन दिवस तिच्याजवळ बसले आणि कामासाठी धुळ्याला गेले. ती मूत्रपिंडं निकामी होऊन गेली, असं कागदावर आहे. कागद खोटं बोलत नाही, पण सगळं सांगतही नाही.

दहाव्यापर्यंत लोक दारावर आले. आमच्याकडे दुखवट्याला येणं म्हणजे दारावर येणं. रावेर, भुसावळ, धुळे, सगळीकडून आले. पुरुष सोफ्यावर, खुर्च्यांवर, सतरंजीवर. पहिल्यांदा तो हॉल भरला. रावेरचे मामाही आले होते. सुनीलभाऊच्या खांद्यावर हात ठेवून, अगदी मनापासून, म्हणाले, "दाजी, बरं केलं त्या टायमाले हॉल मोठा काढला. नाहीतर एवढी माणसं बसली कुठं असती?"

परवा पुन्हा गेले होते. राहुल पुण्याला परतला होता, सुनीलभाऊ शेतात. अक्काच्या बाजेवर आता मीनावहिनी झोपते. तिचेही गुडघे धरू लागलेत, उठताना खोलीच्या चौकटीला हात लावते. दुपार होती, बाहेर नुसता वणवा. मी माठातून दोन फुलपात्रं भरून आणली. वहिनीनं ओठ ओले केले आणि फुलपात्र बाजूला ठेवलं. मी म्हटलं, "वहिनी, पी ना सगळं." ती मागच्या दाराकडे बघत म्हणाली, "राहू दे गं. आता पेलं की मग जानं लागते..."