मास्तरांनी सांगितलेली कुत्र्याची गोष्ट

मास्तरांचं खरं नाव त्यांच्या परवान्यावर होतं, बाकी कुठेच नव्हतं. सव्वीस वर्षं ते लोकांना गाडी चालवायला शिकवत होते आणि त्या सव्वीस वर्षांत जो शब्द त्यांनी सगळ्यात जास्त वेळा ओरडून म्हटला, तोच त्यांना चिकटला. 'क्लच मास्तर' म्हटलं की कुणीही त्यांचं ऑफिस दाखवायचं. माणूस ठेंगणा, पोट सुटलेलं, आवाज मात्र शेजारच्या गाडीलाही थांबायला लावील असा. शिकवायच्या गाडीत त्यांच्या बाजूलाही एक ब्रेक आणि एक क्लच होता. त्यामुळे गाडी शिकणारा चालवतो असं नुसतं दिसायचं, खरी गाडी मास्तरांच्या पायात असायची. हे ते स्वतःच अभिमानाने सांगायचे.

ऑफिस म्हणजे टायरच्या दुकानाला लागून एक खोली. टेबलामागे त्यांची बायको बसायची. तिला सगळे मास्तरीणबाई म्हणत. अर्ज भरून घेणं, फोटो चिकटवणं, कोण कधी आला, कुणी कधी बुडवलं ते रजिस्टरमध्ये लिहिणं, सगळं तिच्याकडे. मास्तर गाडीवरून आले की टेबलाशी टेकायचे आणि दोन मिनिटांत शेजारी टायरवाल्याकडे सटकायचे. तिथे चार लोक कायम जमलेले असत.

त्या वर्षी जंगलातल्या तळ्याकाठी तंबू ठोकून राहिलेल्या एका नवराबायकोचा खून झाला. त्यांची गाडी तिसऱ्या दिवशी जंगलातल्या रस्त्याच्या शेवटाला जळून कोळसा झालेली सापडली. पेट्रोल पंपाच्या कॅमेऱ्यात त्याच गाडीतून उतरलेले दोन तरुण दिसत होते. एक वीस वर्षांचा, एक एकोणीसचा. एकोणीसचा तो मागच्या गल्लीतल्या काचवाल्याचा मुलगा निघाला. काचवाला म्हणजे गावातल्या निम्म्या खिडक्या ज्याने बसवल्या तो माणूस.

मग शोध सुरू झाला. जंगलावर हेलिकॉप्टर फिरू लागलं, कुत्री आणली, तीन जिल्ह्यांचे पोलीस उतरले. आणि जेवढे पोलीस जंगलात होते त्याच्या दसपट लोक घरी बसून तपास करू लागले. टायरवाल्याने एक नकाशा मिळवला आणि ट्रकच्या टायरवर पसरून ठेवला. कुणी म्हणे पोरांनी नदी ओलांडली. कुणी म्हणे बायकांचे कपडे घालून कधीच पसार झाली, हे हेलिकॉप्टर नुसतं दाखवायला. कुणी म्हणे गावातलंच कुणीतरी त्यांना डबा पोचवतं. एकाला स्वप्न पडलं होतं, तोही बोट ठेवून जागा दाखवून गेला. आपल्याला काहीच ठाऊक नाही असं म्हणणारा माणूस त्या आठवड्यात गावात सापडला नसता.

शोधाच्या पाचव्या दिवशी टायरवाल्याने विचारलं, "मास्तर, तो काचवाल्याचा तुमच्याकडेच शिकला ना?"

"हो," मास्तर म्हणाले.

इथपर्यंत खरं होतं. इथेच ते गाडीकडे वळले असते तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. पण चौघांनी एकदम माना वळवल्या. सव्वीस वर्षांत मास्तरांचं बोलणं लोकांनी घाबरून ऐकलं होतं, कंटाळून ऐकलं होतं, असं कान देऊन कुणी ऐकलं नव्हतं. त्यांनी मुलगा आठवून पाहिला. सकाळच्या बॅचचा, काटकुळा, डोक्यावर टोपी. आणि त्या टोपीबरोबर एक कुत्रा आठवला.

"एकदा त्याच्या गाडीखाली कुत्रं आलं," ते म्हणाले. "आणि हा हसला."

मग टायरवाला हळूच म्हणाला, "म्हणजे तेव्हापासूनच."

संध्याकाळपर्यंत गोष्ट सगळ्या बाजारात पोचली. दुसऱ्या दिवशी एक वार्ताहर मुलगी कॅमेरा घेऊन आली. मास्तरांनी शर्ट बदलला. या वेळी मुलगा खळखळून हसला आणि त्याने मागे वळूनही पाहिलं नाही. तिसऱ्यांदा सांगताना त्याने रेडिओ मोठा केला. प्रत्येक वेळी मास्तरांना ते दिसत गेलं. आपण रचतोय असं त्यांना वाटलंच नाही.

"तो आता कुठे असेल असं तुम्हाला वाटतं?" त्या मुलीने विचारलं.

"डावीकडे," मास्तर म्हणाले. "उजवं वळण त्याला कधी जमलंच नाही. घाबरला की डावीकडेच वळायचा."

हे वाक्य रात्रीच्या बातम्यांत खाली पट्टीवर धावलं. दुसऱ्या दिवशी हौशी लोकांचे दोन जथे काठ्या घेऊन जंगलातल्या ओढ्याच्या डाव्या अंगाने शिरले आणि पोलिसांना त्यांनाच शोधून बाहेर काढावं लागलं. टायरवाल्याकडे त्यावर पोट धरून हसले सगळे. मास्तरही हसले.

घरी मास्तरीणबाईंनी मात्र विचारलं, "अहो, कुठलं कुत्रं? मला तर कधी बोलला नाहीत."

"सगळंच तुला येऊन सांगतो का मी?"

त्याच दिवशी कुणीतरी काचवाल्याच्या घराच्या समोरच्या दोन्ही काचा दगड मारून फोडल्या. भिंतीवर कोळशाने कुत्र्याचं चित्र काढलं. हे मास्तरांच्या कानावर आलं. त्यांनी म्हटलं, लोक पण ना, आणि पुढच्या विद्यार्थ्याला सीट पुढे घ्यायला सांगितलं.

नवव्या दिवशी एका वनरक्षकाला दोघं सापडले. जळालेल्या गाडीपासून जेमतेम दोन किलोमीटरवर, एका खडकाच्या आडोशाला. स्वतःच्या हातानेच स्वतःला संपवलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, मरून सात दिवस तरी झाले होते. म्हणजे नदी ओलांडली, कपडे बदलले, कुणीतरी डबा पोचवतं, हे सगळं चाललं होतं तेव्हा ती दोघं तिथेच पडलेली होती. टायरवाल्याने नकाशा गुंडाळून माळ्यावर टाकला. "आपण आठवडाभर मेलेल्या पोरांना पळवत होतो," एवढंच तो म्हणाला, आणि त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं.

चार दिवसांनी एक हवालदार आला. कागद पुरे करायचे होते, मुलगा शिकायला कधीपासून कधीपर्यंत येत होता तेवढं हवं होतं. मास्तरीणबाईंनी जुनं रजिस्टर काढलं, अर्ज काढला, तारखा लिहून दिल्या. हवालदार गेला. तिने रजिस्टर मिटलं नाही. मास्तर गाडी लावून आत आले तेव्हा ते उघडंच होतं.

"बसा जरा," ती म्हणाली.

अर्जावरचा फोटो मास्तरांनी पाहिला. गोल चेहरा, नीट विंचरलेले केस. काटकुळा मुळीच नाही. या चेहऱ्याचा मुलगा आपल्या शेजारी कधी बसला होता हे त्यांना आठवेना.

"चारच दिवस आला हा," ती म्हणाली. "मग सोडलं. आणि आपला बंपर फुटला ते इथे, बघा. आठवडाभर गाडी बंद, असं मीच लिहिलंय. दोन महिन्यांनंतरचं आहे. तुम्ही मला सांगितलं होतं की खांबाला घासली."

बंपर त्या कुत्र्यामुळेच फुटला होता. टोपीवाला, काटकुळा, तो दुसराच होता. आता दुसऱ्या शहरात डिलिव्हरीची गाडी चालवतो, दर वर्षी फोन करतो. आणि तो टोपीवाला हसला होता ते कसं, हेही त्यांना तिथे टेबलाशी बसल्या बसल्या लख्ख आठवलं. दात विचकून, रडू फुटायच्या आधी माणूस हसतो तसं. मग तो रडलाच होता. मास्तरांनी त्याला पाणी पाजलं होतं आणि सांगितलं होतं, कुणाला बोलू नकोस. कारण ब्रेक मास्तरांच्या पायाखाली होता, आणि मास्तर मान खाली घालून फोन बघत होते.

शेवटचा रकाना मास्तर स्वतः भरत, त्यात काचवाल्याच्या मुलाच्या चार दिवसांचे शेरे त्यांच्याच अक्षरात होते. पहिल्या दिवशी 'हळू'. दुसऱ्या दिवशी 'क्लच ठीक'. तिसऱ्या दिवशी 'आरसा न सांगता बघतो'. चौथ्या दिवशी काहीच नव्हतं.

"काय करणार आहात?" बायकोने विचारलं.

तीन दिवस त्यांनी जेवताना वर पाहिलं नाही. त्या वार्ताहर मुलीला फोन लावला तर ती म्हणाली, "काका, आता तो विषय संपला. प्रेक्षकांना आता नाही त्यात रस." बोलली चांगली, तब्येतीचीही चौकशी केली. फोन ठेवल्यावर मास्तरांना वाटलं, ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

शेवटी ते काचवाल्याच्या दुकानात गेले. गाडी नेली नाही, चालत गेले. दुकानात काचेचे तावच्या ताव भिंतीला टेकून उभे होते आणि मास्तरांना चारी बाजूंनी स्वतःचंच प्रतिबिंब दिसत होतं. काचवाला टेबलावर वाकून एक ताव कापत होता. पट्टी धरून त्याने एक रेघ ओढली, दोन्ही हातांनी काच अलगद मोडली, आणि मग वर पाहिलं. वरच्या मजल्यावर, त्याच्या स्वतःच्या घराच्या खिडक्यांना पुठ्ठे लावलेले मास्तरांनी आत येतानाच पाहिले होते.

"बोला," तो म्हणाला. त्याने ओळखलं होतं.

मास्तर वाटेत जुळवलेलं सगळं विसरले. "ती कुत्र्याची गोष्ट," ते म्हणाले, "ती तुमच्या मुलाची नाही. मी चुकलो. दुसऱ्याची आहे."

काचवाल्याने हातमोजे काढले, टेबलावर ठेवले.

"माझ्या मुलाने दोन माणसं मारली," तो म्हणाला. "ते मला माहीत आहे. पोलिसांनी सगळं दाखवलं मला. त्यात तुमची चूक नाही, कुणाची नाही. पण त्याची आई मला रोज एकच विचारते. तो आधीपासूनच तसा होता का. कुत्र्याला पाहून हसला, म्हणजे तेव्हाच होता, मग आपल्याला घरात राहून दिसलं कसं नाही. रोज सकाळी उठली की हेच. मी म्हणतो नसेल. ती म्हणते, तो मास्तर कशाला खोटं बोलेल, त्याला काय मिळायचंय."

मास्तर उभेच होते. बसा असं कुणी म्हटलं नव्हतं.

"मग जो होता तो तरी हसला का?" काचवाल्याने विचारलं.

"घाबरून हसला. नंतर रडला." मास्तर म्हणाले. "ब्रेक माझ्याकडे होता. मी फोनवर होतो. कुत्रं माझ्यामुळे मेलं."

हे त्यांनी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. काचवाल्याला त्याचं काहीच वाटलेलं दिसलं नाही. त्याने खिशातली पेन्सिल काढली, काचांमध्ये घालतात तो एक कागद फाडला आणि पुढे सरकवला.

"लिहून द्या."

मास्तरांनी लिहिलं. ती गोष्ट तुमच्या मुलाची नव्हती, मी खोटं बोललो. 'चुकून बोललो' असं आधी लिहिलं होतं, ते खोडून 'खोटं' केलं. खाली सही केली, पूर्ण नावाची. काचवाल्याने दोनदा वाचून कागद घडी करून ठेवला.

"रजिस्टरमध्ये त्याच्याबद्दल दोन शब्द आहेत," मास्तर म्हणाले. "चांगले आहेत. सांगू का?"

"नको," काचवाला म्हणाला. "चांगलं काही सांगू नका. चांगलं ऐकलं की तिला जास्त होतं."

त्यानंतर मास्तरांनी ठरवलं की जो कुणी कुत्र्याचा विषय काढील त्याला तिथल्या तिथे खरं सांगायचं. टायरवाल्यापासून सुरुवात केली. चौघांसमोर उभं राहून सगळं सांगितलं, फोनचंही. लोकांनी ऐकलं. टायरवाल्याने डोळे बारीक केले. मग एक जण म्हणाला, "मास्तर, कुणी दम दिला का तुम्हाला?"

"कुणी नाही दिला. मीच सांगतोय."

"नाही, तुम्ही त्याच्या दुकानात गेला होता म्हणतात. मागच्या आठवड्यात."

आठवडाभरात बाजारात दुसरी गोष्ट तयार झाली. काचवाल्याने मास्तरांना दुकानात बोलावलं, काच गळ्याला लावली आणि जबरदस्तीने लिहून घेतलं. मुलगा तसा निघाला ते उगाच नाही. मास्तर भेटेल त्याला सांगत सुटले की असं काही घडलं नाही, आणि ते जितकं सांगत तितकं लोकांना पटत गेलं की माणूस घाबरलाय. कोळशाचं चित्र पुसलं होतं, ते पुन्हा आलं.

मास्तर दुसऱ्यांदा त्या दुकानात गेले. या वेळी दारातच थांबले. काचवाला आतूनच म्हणाला, "मास्तर, तिने कागद वाचला. चार रात्री नीट झोपली. तेवढं पुरे आहे. आता तुम्ही काही बोलू नका. चांगलंही नका, वाईटही नका. आणि इकडे येऊ नका, लोक बघतात."

मास्तरांनी मान हलवली आणि परत फिरले.

पुढच्या उन्हाळ्यात काचवाल्याने दुकान दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकलं आणि ती दोघं कुठे गेली ते कुणाला सांगून गेली नाहीत. ती तशी का गेली याचेही दोन-तीन तर्क टायरवाल्याकडे झाले म्हणतात. मास्तर तिथे नव्हते. त्यांनी तिकडे जाणं सोडलं होतं. गाडीवरून आले की ते टेबलाशी बसून बायकोने सांगितलेले अर्ज लावत. त्यांच्याकडे शिकायला येणारी मुलं वाढली होती. टीव्हीवर आलेले मास्तर म्हणून पालक त्यांना पाठवत. कधी कधी एखादी मुलगी किंवा मुलगा, पहिल्याच दिवशी सीटबेल्ट लावता लावता विचारतो, "सर, तो खरंच हसला होता का हो?"

"नाही," मास्तर म्हणतात. बाकी काही बोलत नाहीत. मग फोन बंद करून मागच्या सीटवर टाकतात, पाय ब्रेकवर ठेवतात आणि गाडी सुरू करायला सांगतात. शेजारचा मुलगा त्यांच्या तोंडाकडे पाहतो. त्याला ते उत्तर पटलेलं नाही, हे मास्तरांना कळतं.