चाळीचे जर्मन बूट

ज्योतीराम म्हणजे अगदी सोन्यासारखा माणूस, पण बोलायची वेळ आली की मूग गिळून बसायचा. तुळजापूरकडून दुष्काळात पिंपरीला आला, लेथवर हात बसवला, गावी आईला सांभाळलं. सगळं जमलं गड्याला, लग्न तेवढं जमेना. मुलगी बघायला जायचा, पोहे खायचा, मान खाली घालून परत यायचा. मागोमाग नकार ठरलेला.

या वेळची गोष्ट मात्र वेगळी होती. राजगुरुनगरला एका लग्नात पंगतीत जिलबी वाढणारी प्रभावती त्याच्या मनात बसली होती. तिच्याच घरचं, तळेगावचं बोलावणं आलं आणि याची झोप उडाली. हिनं नाही म्हटलं तर पुन्हा कुणाच्या दारात जायचं नाही, असं त्यानं ठरवून टाकलं.

आता बुटांचं ऐका. त्याच्या चाळीतल्या सुरेंद्रला कंपनीनं ट्रेनिंगसाठी जर्मनीला धाडलं होतं. येताना त्यानं खेळायचे बूट आणले, निळेशार, बाजूला पांढरे पट्टे. अहो, काय वेड लागलं पोरांना! चिंचवडच्या फोटो स्टुडिओत जो तो तेच बूट घालून, एक पाय पुढे टाकून उभा. कुणी साध्या कॅनव्हासच्या बुटांवर ऑइलपेंटनं पट्टे ओढले. गणपतीत नाचायला तेच बूट, मुलगी बघायलाही तेच. सुरेंद्र बिचारा चपला घालून हिंडायचा.

ज्योतीरामनंही ते मागून घेतले. मोठे होत होते, म्हणून पुढे चिंध्या कोंबल्या. आणि खरंच, मान ताठ झाली हो त्याची! तळेगावच्या रस्त्यानं हा पुढे, मामा मारुतराव मागे.

पण बूट दारातच काढायचे असतात, एवढं काही या शहाण्याला सुचलं नव्हतं! उंबऱ्याशी वाकला, नाडी सुटता सुटेना, आणि सुटली तेव्हा चिंधी बाहेर लोंबली. आत गेला तो नेहमीचाच ज्योतीराम. प्रभावतीचे वडील उद्धवराव विचारत होते आणि हा "व्हय" नाहीतर "न्हाई" एवढंच बोलत होता.

"घसा बसलाय का?" त्यांनी काळजीनं विचारलं. मामांनी कपाळाला हात लावला.

पानसुपारी झाली. मामा आत बोलत राहिले, हा बाहेर येऊन नाडी बांधत बसला. संपलं सगळं, असं वाटून त्याचे डोळे भरून आले होते. तेवढ्यात तुळशीला पाणी घालायच्या निमित्तानं प्रभावती बाहेर आली.

"तुमचे आहेत बूट?" तिनं हळूच विचारलं.

खोटं बोलणं त्याच्या जिवावर आलं. "न्हाई. मित्राचे हायेत."

"ठाऊक आहे मला. गेल्या महिन्यात शेजारच्या शुभदाला बघायला हेच बूट आले होते. त्याआधी कोपऱ्यावरच्या चारुलताकडे." पदर तोंडाला लावून ती हसली.

ज्योतीरामला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मग आता नकारच म्हनायचा," तो पुटपुटला.

तिचं हसू थांबलं. "ते घालून आलेले दोघंही 'माझेच' म्हणाले होते," ती म्हणाली. "बाबांना मी हो सांगते. लग्नात मात्र हे नकोत. तुमच्या चपला चालतील."