दुधाच्या किटलीतला रस्सा

माझी गिझीमावशी वाइन कधीच नुसती चाखत नाही. वाइन विकणाऱ्यांच्या तळघरात जाताना तिच्या एका हातात दुधाच्या किटलीत माशांचा गरम लालभडक रस्सा असतो आणि दुसऱ्या हातात हरणाच्या मटणाचा डबा. एक चमचा रस्सा, एक घोट वाइन. मग मटण, मग पुन्हा घोट. "नुसती चाखली की कुठलीही वाइन गोड बोलते," ती म्हणते. तीस वर्षं डॅन्यूबच्या धक्क्यावर मासे साफ करणारी ही बाई, पण स्वस्तात चांगली वाइन हवी असली की अख्खं गाव तिच्या दारात येतं.

तिचा आणखी एक नियम आहे. तळघरवाले गिऱ्हाइकापुढे आधी गरम खारी पोगाचा ठेवतात, म्हणजे चीज आणि चरबी घातलेली छोटी पावरोटी. मावशी तिला हातही लावत नाही. "ती खाल्ली की शिर्कासुद्धा वाइन लागतो."

आणि हाच नियम तिनं स्वतःच्या मुलीच्या, एनिकोच्या लग्नाची वाइन घेताना मोडला.

आम्ही कोळी, नवऱ्याकडचे शिकारी. जेवणात आमचा रस्सा, त्यांचं हरिण आणि दोन्हींबरोबर एकच वाइन, तीही आमच्याकडून. नवऱ्याचे काका ओटो साखरपुड्यातच म्हणाले होते, "विहीणबाई, माझ्या हरणाची चव बिघडली तर माझ्या जीपमध्ये भारी बाटल्यांची खोकी तयार असतील हं!" मावशी हसली होती, पण तिचे कान लाल झाले होते. भर मांडवात पाहुण्यांनी स्वतःची वाइन उघडायची म्हणजे आमचं नाकच कापलं जायचं.

मग ती हायोश गावी तेरेझकाकूंच्या तळघरात गेली. काकूंचा नवरा हिवाळ्यात वारला होता. "ह्यांच्या हातच्या शेवटच्या हंगामाची ही," म्हणत त्यांनी गडद लाल वाइन ओतली आणि पोगाचाची ताटली पुढे सरकवली. मावशीनं दोन खाल्ल्या. किटली उघडलीच नाही. शंभर लिटरचं पिंप घेऊन आली.

लग्नाच्या दिवशी सकाळी अंगणात कढया उकळत होत्या. मावशीनं एक चमचा रस्सा घेतला, वर वाइनचा घोट घेतला आणि थू करून थुंकली.

"गंजलेला खिळा चोखल्यासारखं लागतंय रे! गाडी काढ!"

"मावशी, तीनला चर्च आहे!"

"म्हणूनच म्हणतेय, काढ!"

सुटलो. किटली तिच्या मांडीवर, वळणावळणाला रस्सा माझ्या नव्याकोऱ्या पँटवर. पहिल्या तळघरातली वाइन रश्शाबरोबर कडू लागली. दुसऱ्यातली मटणापुढे पाणी झाली. तिसऱ्याला कुलूप. साडेअकरा वाजले होते आणि मावशी केसांना पिना लावलेल्या अवस्थेत बोळातून धावत होती. आणि खरं सांगतो, मला भयंकर मजा येत होती.

चौथं तळघर व्हिन्सेचं. कोपऱ्यातल्या पिंपाकडे मावशीनं बोट दाखवलं तसा तो ओशाळला.

"ती नको, ताई. कादार्का द्राक्षांची आहे. रंग बघा की, पाहुणे म्हणतील पाणी घातलं. मी सोडा घालून मजुरांना देतो."

"केवढ्याला?"

"कुणी मागितलीच नाही अजून. द्या लिटरला सहाशे फोरिंट."

त्यानं काचेच्या नळीनं ओढून पेल्यात सोडली. फिकट, डाळिंबाच्या रसासारखी. मावशीनं रस्सा घेतला, घोट घेतला. थांबली. मटण खाल्लं, पुन्हा घोट. मग माझ्या पाठीत असा धपाटा घातला की मी पिंपावरच आपटलो.

"हीच! दोघांशी जमतंय हिचं! भर, भर, सगळी भर!"

व्हिन्से बिचारा आनंदानं रडायच्या बेतात आला होता. आम्ही चर्चमध्ये पोचलो तेव्हा घंटा वाजत होती आणि माझ्या पँटला माशांचा वास येत होता.

ओटोकाकांनी पहिला पेला उजेडात धरून नाक मुरडलं. मग रस्सा खाल्ला, मग हरिण. मग पेला रिकामा केला. चौथ्यांदा जग भरायला आले तेव्हा मावशीनं विचारलं, "काय हो, खोकी आणायला माणूस पाठवू का?"

"कसली खोकी?" काका म्हणाले आणि जग पुढे केला.

दोन दिवसांनी आम्ही तेरेझकाकूंचं रिकामं पिंप परत द्यायला गेलो. त्यांची शंभर लिटर वाइन तेव्हा आमच्या होडीच्या छपराखाली कॅनमध्ये भरून, वर गोधडी टाकून ठेवली होती, शिर्का करायला. काकू पोगाचाची ताटली घेऊन दारातच उभ्या होत्या.

"कशी झाली गं? आवडली लोकांना?"

मी जमिनीकडे बघत राहिलो. वाइनच्या बाबतीत मावशीनं आजवर कुणाचीच भीड ठेवली नव्हती.

"थेंबही उरला नाही, काकू," मावशीच म्हणाली.

काकूंनी एप्रननं डोळे पुसले. "अजून एक पिंप आहे त्यांचं. एनिकोला बाळ होईल, त्याच्या बारशाला ठेवू?"

"ठेवा," मावशी म्हणाली, आणि ताटलीतली पोगाचा उचलली.