सहाशे ठिपक्यांची भिंत

माझं पोटापाण्याचं काम दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचं. हिंजवडीच्या एका कंपनीत मी सॉफ्टवेअर तपासते. मला येताना पाहिलं की प्रोग्रामर मंडळी खुर्चीत सरळ होऊन बसतात, एवढी माझी ख्याती आहे. आणि तरी माझी स्वतःची सगळ्यात मोठी चूक मला अकरा महिने दिसली नाही. ती दाखवली पिरंगुटच्या एका फ्लेक्सवाल्याने, वडापाव खाता खाता.

मी मूळची परभणीची. नोकरीसाठी इकडे आले आणि भरे गावात एका शेतकरी कुटुंबाच्या घरामागे दोन खोल्या भाड्याने घेतल्या. घरमालकीण म्हणजे काकू. खोली बघायला आले त्या दिवशीच त्यांच्या पडवीत माझे पाय थबकले. दाराच्या दोन्ही बाजूंना सोंड उचललेले दोन हत्ती, त्यांच्याशेजारी भालदार-चोपदार, वर गणपती, आणि खाली ठसठशीत अक्षरांत नवरदेवाचं आणि नवरीचं नाव. इकडे लग्नघराची दर्शनी भिंत लग्नाआधी पेंटरकडून रंगवून घेत. लग्न झालं तरी ती कुणी पुसत नसे. घरात पुढचं लग्न निघेपर्यंत राहायची. काकूंच्या मुलांची लग्नं कार्यालयात झाली, तिथे फोटोंचे फ्लेक्स लागले आणि दुसऱ्या दिवशी उतरले. त्यामुळे काकूंच्या लग्नाची भिंत पस्तीसेक वर्षं पडवीच्या सावलीत तशीच टिकली होती.

त्याच भिंतीपासून माझा ब्लॉग सुरू झाला. दर रविवारी स्कूटर काढायची आणि हाताने रंगवलेलं काही सापडतंय का बघत हिंडायचं. कासार आंबोलीत एका सुट्टीतल्या बंगल्याच्या मागच्या कुंपणाला निळा मोर सापडला, त्याच्या पिसाऱ्यातून नळाची तोटी बाहेर आली होती. घोटावड्याकडे एका पिठाच्या गिरणीवर अशी पाटी होती की प्रत्येक अनुस्वार लाल टिकलीसारखा. मला वेडच लागलं. दुसऱ्या बायका साड्यांची दुकानं लक्षात ठेवतात तशी मी साइट लक्षात ठेवायला लागले. एक साइट फोटोतल्या कुठल्याही रंगाचा आकडा सांगायची. तिने मला दाखवलं की प्रत्येक गावचा गेरू निराळा असतो. एक मराठी अक्षरवळणांची होती, तिथून मी ब्लॉगचं शीर्षक सात वेळा बदललं. एक फोटोवर चौकोनांची जाळी आखून द्यायची. तिचा उपयोग काय ते मला तेव्हा कळलं नाही, पण फुकट होती म्हणून खूण करून ठेवली.

आणि एक होती फोटो लहान करून देणारी. हिच्यावर माझा फार जीव. झालं काय, परभणीहून आई फोन करायची, "तुझं ते उघडतच नाही गं, नुसतं गोल गोल फिरतंय." रिहे खोऱ्यात तर रेंजची बोंब. ज्यांच्या भिंती, त्यांनाच ब्लॉग दिसत नाही म्हणजे काय? मी हट्टाला पेटले. सगळे फोटो त्या साइटवर टाकून सहाशे ठिपके, म्हणजे पिक्सेल, रुंदीचे केले. ब्लॉग असा झरझर उघडायला लागला की बस. त्यावर मी एक लांबलचक लेखही लिहिला, अगदी शहाणपणा शिकवणारा. फोनही भरत आलाच होता, तेव्हा मोठे मूळ फोटो सगळे पुसून टाकले. किती हलकं वाटलं म्हणून सांगू!

त्यानंतर महिन्याभरातच काकूंच्या घरी ठरलं, घर पाडून भाड्याच्या खोल्यांची इमारत बांधायची. काकांना आणि मुलांना भिंतीचं काही वाटत नव्हतं. काकू मात्र आठवडाभर घुटमळत होत्या. एके सकाळी मी स्कूटर पुसत होते तर जवळ येऊन म्हणाल्या, "तुज्या त्या बलॉगात हाय ना गं आमची भिंत?"

"आहे की काकू. पहिलीच आहे."

"जपून हाय न्हवं?"

"अगदी. काळजीच सोडा."

"मग पाडू दे," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

जेसीबीने अर्ध्या तासात भिंत खाली घेतली. शेजारच्या बायका हळहळल्या, तर काकूच त्यांना समजावत होत्या, "ऱ्हाऊ द्या. तिच्याकडं हाय जपून." मला त्यांचा अभिमान वाटला आणि थोडा स्वतःचाही. आज ते आठवलं की कानशिलं तापतात.

इमारत उभी राहिली. मला जुन्या खोल्यांच्या जागी पहिल्या मजल्यावर नवी खोली मिळाली. वास्तुशांतीच्या आधी काकू म्हणाल्या, "आता त्यो फोटू मोठा करून आण. हितं जिन्याच्या भितीला लावायचा. माणसाएवढा." मी लगेच पेनड्राइव्ह घेऊन पिरंगुटला गेले. फ्लेक्सवाल्याने फोटो उघडला, मोठा केला, आणखी मोठा केला. घास चावत म्हणाला, "मॅडम, हा फाटतोय. मूळ फोटो द्या."

पडद्यावर हत्तीच्या जागी राखाडी विटा दिसत होत्या. खालची नावं म्हणजे तपकिरी चौकोनांची रांग. नवरीचं नाव किती अक्षरांचं होतं तेही कळेना. आणि मी, जिने ती भिंत हजारदा पाहिली होती, जी अक्षरांच्या वळणांवर लेख लिहिते, तिला ते नाव आठवेना.  माझ्याकडे मूळ फोटो नव्हताच.

काकूंना सांगायचं धाडस गोळा करायला मला दोन दिवस लागले. त्या ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. मी सगळं सांगितलं, लपवलं काही नाही. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, "म्हंजी आता कुटंच न्हाई."

"काय, काकू?"

"माजं नाव."

मग उलगडलं. इकडे लग्नात नवरीचं नाव बदलतात, ताटात तांदूळ पसरून त्यात नवरदेव नवं नाव लिहितो. भिंत रंगते ती लग्नाच्या आधी. त्यामुळे भिंतीवर जे होतं ते त्यांचं माहेरचं नाव. रेशनकार्डावर, बँकेत, सातबाऱ्यावर, सगळीकडे नवं. माहेरी आईवडील गेले, भाऊ 'आक्का' म्हणतो. पस्तीस वर्षं येता-जाता त्या एका ठिकाणी त्यांना आपलं नाव दिसायचं. वाचायच्या नाहीत, म्हणाल्या, नुसतं दिसायचं.

"नाव सांगा ना मला," मी म्हटलं.

"आता सांगून काय करतीस?" त्या उठल्या. त्यानंतर पंधरा दिवस त्यांनी मला वाटीभर कालवणसुद्धा पाठवलं नाही.

मला स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती. पण लाज वाटून घेऊन भिंत परत येत नाही. मी ठरवलं, काहीही होवो, जिन्याच्या भिंतीवर ते हत्ती परत उभे राहतील.

आधी मी माझ्या लाडक्या साइटना वेठीला धरलं. फोटो मोठा करून देणारी एक हुशार साइट होती, तिने हत्तींना लांब लांब पापण्या दिल्या आणि चोपदाराला सहावं बोट. नावाच्या जागी अशी अक्षरं काढली की जी जगातल्या कुठल्याच भाषेत नसतील. पण ती इतकी नेटकी होती की क्षणभर मीही वाचायचा प्रयत्न केला. मग धाकट्या सुनेला पटवून काका-काकूंच्या लग्नाचा अल्बम मिळवला. भिंत होती, पण तिच्यापुढे पाहुणे! नवरदेवाचं नाव अर्धं दिसत होतं, आणि नवरीच्या नावापुढे नेमके एक फेटेवाले गृहस्थ पाय रोवून उभे. त्या माणसाला मी मनातल्या मनात काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

अल्बमने एक काम मात्र केलं. एका कोपऱ्यात पेंटरची बारीक सही होती, आणि खाली गाव लिहिलं होतं: रिहे.

पुढच्या रविवारी मी रिह्याच्या वाटेला लागले. तीन घरी विचारल्यावर पेंटर सापडले. पंचाहत्तरीच्या पुढचे, बांधावर बसून भाताची खाचरं बघत होते. हात थरथरत होते, ब्रश सोडून बरीच वर्षं झाली होती. मी फोनवर तो चिमुकला फोटो दाखवला. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला आणि लगेच म्हणाले, "भऱ्याची. माजीच हाय. डाव्या हत्तीचा मागला पाय आखूड झालाता, तवाच खटकलंतं."

मी रडगाणं लावलं. फोटो बारीक आहे, फाटतो, मोठा होत नाही.

त्यांनी फोन माझ्या हातात परत ठेवला. मग म्हणाले, "बारीक? अगं पोरी, त्यो हत्ती मी काडीपेटीवरनं घेतलाता. काडीपेटीवरनं भितीवर! चौकोन आखायचं की. बारक्या चित्रावर बारकं, भितीवर मोठं. एका चौकोनात जेवडं दिसंल तेवडंच काडायचं. पुडचं बघायचंच न्हाई."

मला हसावं की रडावं कळेना. चौकोन आखून देणारी साइट वर्षभर माझ्याकडे पडून होती. मी तिथल्या तिथे बांधावर बसून, एक दांडी रेंजवर, तो फोटो तिच्यात टाकला. जाळी आली. पेंटरनी बोटाने स्क्रीन चाचपली आणि म्हणाले, "हां. हे बराबर हाय. माजा अर्धा दिस जायचा ह्यात."

"पण काढणार कोण?" मी विचारलं.

"तू. मी खुर्चीत बसतो."

मी आयुष्यात कधी भिंत रंगवली नव्हती. पण पदर खोचला, म्हणजे ओढणी बांधली, आणि लागले. काकांची परवानगी मी मागितली नाही, सांगितलं फक्त. निळीत बुडवलेली सुतळी ताणून भिंतीवर फटकारली की सरळ रेघ उमटते, हे पेंटरनी पहिल्या दिवशी शिकवलं. जाळीचा फोटो मी कागदावर छापून आणला होता, भिंतीवर असे उभे-आडवे फटके मारून तेवढेच मोठे चौकोन पाडले. चार शनिवार-रविवार मी चौकोनामागून चौकोन भरले. कागदावरच्या एका चौकोनात फक्त पाच-सहा राखाडी ठिपके असायचे. तेवढेच भिंतीवर न्यायचे. रंग त्या रंगओळख्या साइटवरून ताडून घेतले, तरी रंग कालवताना पेंटर म्हणायचे, "आकडा ऱ्हाऊ दे, जरा काव घाल." आणि ते बरोबर निघायचं. मान आखडली, नखांत रंग बसला, ऑफिसात लोकांनी विचारलं. डावा हत्ती जरा जाडच झाला. पण त्याचा मागला पाय मी पुरेसा लांब काढला.

काकू येता-जाता बघायच्या, बोलायच्या नाहीत. तिसऱ्या रविवारी चहा आला.

शेवटच्या दिवशी अक्षरं राहिली होती. ती मी काढणार नव्हते, आणि पेंटरही मला काढू देणार नव्हते. ते खुर्चीतून उठले. एका हाताने वेताची काठी भिंतीला टेकवून धरली, तिच्यावर ब्रशचा हात ठेवला. काठीवर टेकला की हात थरथरत नव्हता. काका, मुलं, दोन्ही सुना जिन्यात जमले. नवरदेवाचं नाव झालं. काका उगाच खाकरले.

"आता नवरीचं," पेंटर म्हणाले.

काकांनी काकूंचं नेहमीचं नाव सांगितलं.

"ते न्हाई. भितीवर ते नसतं. आदीचं सांगा."

काका कपाळ चोळायला लागले. त्यांनाही आठवत नव्हतं. सगळे काकूंकडे बघायला लागले.  काकूंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि नाव सांगितलं. फार हळू.

"ऐकू न्हाई आलं," पेंटर म्हणाले.

काकूंनी पुन्हा सांगितलं. या वेळी ते वरच्या मजल्यापर्यंत गेलं असेल.

पेंटरनी लिहायला घेतलं. शेवटचा काना ओढला गेला तशी थोरली सून म्हणाली, "आत्या, हे तुमचं नाव हाय? इतकं छान?" काकूंनी मान हलवली, आणि मग डोळ्यांना पदर लावून मनसोक्त रडल्या. मीही.

रंग वाळल्यावर मी फोटो काढला आणि जरा घाबरतच विचारलं, "काकू, ब्लॉगवर टाकू का? नाव झाकून टाकते हवं तर."

"झाकतीस कशाला?" त्या म्हणाल्या. "टाक. पर ह्या बारीला मोठा टाक. वाचता आलं पायजे."

दुपारी मी तो फोटो होता तेवढाच, एक ठिपकाही कमी न करता चढवला. फोटो लहान करण्यावरचा माझा तो शहाणा लेख त्याआधी काढून टाकला. पाच मिनिटांत परभणीहून फोन आला.

"अगं, परत गोल गोल फिरतंय."

"फिरू दे आई. थांब जरा."

फोन चालू ठेवून आई थांबली. तिच्या स्वयंपाकघरातला पंखा मला ऐकू येत होता. मग तिने अडखळत, अक्षर लावून लावून ते नाव मोठ्याने वाचलं. माझ्यासमोर काकू बसल्या होत्या. मी फोन स्पीकरवर टाकला आणि म्हटलं, "आई, परत एकदा वाच."