तिसऱ्या गाण्यातली उडी

सोफे आणि गाद्या शिवणाऱ्या त्या माणसाला सगळी गल्ली गादीवाले म्हणे, आणि चारचौघांत त्याची बायकोही तेच म्हणे. दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढच्या भागात फोमचे थप्पे, काथ्याची पोती आणि कापडाचे गठ्ठे. मागच्या भागात लोकांचे सोफे, काही पोट फाडून ठेवलेले, काही शिवून तयार. तयार झालेला सोफा गिऱ्हाइकाला ठरल्या दिवशी मिळाला, असं त्या दुकानात कधी घडलं नव्हतं. हात चालत नसे म्हणून नव्हे, तर सोफे रविवारपर्यंत लागत म्हणून.

रविवारी दुपारी तिथे मंडळी जमे. स्वतः गादीवाले, शाळेची बस चालवणारे एक भरल्या अंगाचे गृहस्थ आणि दातांच्या डॉक्टरीणबाई. तिघांचा स्वभाव तीन तऱ्हांचा, पण दैवत एकच. फंक नावाचं संगीत वाजवणारा एक जुना गायक आणि त्याचा बँड. त्याचं नाव तोंडाने घ्यायला या तिघांना संकोच वाटे. ते त्याला नुसतं मालक म्हणत, आणि त्याच्या बँडला मालकांची माणसं.

फंक म्हणजे काय, असं नव्या माणसाने विचारलं की बसवाले समजावून सांगत. "पहिल्या ठोक्यावर सगळा भार टाकायचा. पहिलं पोर धड बसलं की मागची आपोआप बसतात. तसंच आहे हे."

डॉक्टरीणबाईंना हे पटत नसे. त्यांच्या मते फंक म्हणजे जे वाजवायचं नाही ते कळणं. पण त्या हे कापसाचा बोळा तोंडात असलेल्या पेशंटला सांगत, त्यामुळे वाद होत नसे.

गादीवाल्यांकडे मालकांची एकच रेकॉर्ड होती. भर सभागृहात वाजवलेल्या कार्यक्रमाची. ते ती दोन्ही तळहातांवर धरून आणत, फोमच्या चौकोनी तुकड्यावर ठेवलेल्या प्लेअरवर अलगद उतरवत, आणि मग तिघंही तयार सोफ्यांवर पाय जमिनीला टेकवून बसत. पहिली दोन गाणी डुलण्यात जात. तिसरं लागलं की सगळ्यांच्या पाठी ताठ होत.

कारण त्या तिसऱ्या गाण्यात उडी होती. बेस गिटार आणि ड्रम आपल्या चालीने चाललेले, मालक एक ओळ म्हणायला घेत, आणि ती ओळ अर्ध्यावर असतानाच, कुणाला काही कळायच्या आत, पितळी वाद्यांचा सगळा ताफा धाडकन अंगावर येई. त्या क्षणी तिघंही बसल्या जागेवरून वर उडत आणि ताफ्याबरोबर खाली आदळत. बरोबर तिथे. केसभर इकडेतिकडे नाही. हे जमायला बसवाल्यांना दोन वर्षं लागली होती. डॉक्टरीणबाईंना लगेच जमलं, आणि त्याबद्दल बसवाल्यांनी त्यांना अजून माफ केलेलं नव्हतं.

उडी कुठून आली, हे खरं तर घरातल्या एका माणसाला पहिल्यापासून माहीत होतं. गादीवाल्यांची बायको रोज तो प्लेअर पुसत असे. तिने एकदा सांगूनही पाहिलं. "अहो, रेकॉर्डवर ओरखडा आहे. सुई एका रेघेवरून दुसरीवर जाते. मधलं गाणं गिळतेय ती."

"तू चहाचं बघ," गादीवाले म्हणाले होते.

तिने चहाचं बघितलं. पुढे कधीतरी बसवाल्यांनी फोनवर तेच गाणं शोधून काढलं. त्यात उडी नव्हती. मालक ती ओळ पूर्ण म्हणत होते, आणखी एक म्हणत होते, आणि मग शिस्तीत ताफा येत होता. तिघांनी ते दोनदा ऐकलं.

"कंपनीने मागाहून गुळगुळीत केलंय," अखेर गादीवाले म्हणाले. "खडबडीत माल खपत नाही. आमच्या धंद्यातही तेच."

डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली. बसवाल्यांनी फोन खिशात टाकला. विषय तिथे मिटला.

आपण प्रार्थनेचे शब्द जन्मभर चुकीचे म्हटले तरी देव ते गोड मानून घेतो, अशी आपली श्रद्धा असते. ती टिकते, कारण देव समोर येऊन दुरुस्ती करत नाही. गादीवाल्यांचं दैवत मात्र हाडामांसाचं होतं, आणि एक दिवस ते त्यांच्याच गावात यायला निघालं.

बातमी गावातल्या सभागृहाच्या व्यवस्थापकाने आणली. सभागृहातल्या सगळ्या खुर्च्या गादीवाल्यांनीच शिवलेल्या, म्हणून घरोबा होता. मालक आता म्हातारे झालेत, म्हणाला, उभ्याने गाणं होत नाही, उंच स्टूल लागतं, त्याला मऊ बैठक करून द्या.

गादीवाल्यांनी हातातलं दाभण खाली ठेवलं. स्वतःच्या म्हातारपणाच्या खुर्चीसाठी जपून ठेवलेलं गर्द तपकिरी कातडं त्यांनी पेटीतून काढलं. बैठक शिवून झाल्यावर ते तिच्यावर स्वतः बसून बघत, उठत, पुन्हा उसवत.

"मालक शेवटी पुढच्या रांगेतल्या माणसांना स्टेजवर बोलावतात म्हणे, टाळ्या द्यायला," त्यांनी जेवताना सांगितलं. "अगं, एकदा फक्त. मालकांसमोर ती उडी घ्यायची. त्यांना कळलं पाहिजे की इतकी वर्षं इथे कुणीतरी नीट ऐकत होतं."

"आणि ती उडी तिथे नसली तर?"

"असणारच."

"नसली तर हसतील लोक."

"तू येऊ नकोस मग."

ती आली. मागच्या रांगेत, पर्स मांडीवर घट्ट धरून, दवाखान्यात नंबराची वाट बघतात तशी बसली.

मालक काठी टेकत आले, स्टुलावर बसले, एकदा डावीकडे हलले, एकदा उजवीकडे, आणि समाधानाने मान हलवली. गादीवाल्यांना तिथेच अर्धं पुण्य पदरात पडल्यासारखं झालं. मग ड्रमवाल्याने काठ्या आपटल्या आणि त्या वाकलेल्या म्हाताऱ्याने असा काही आवाज लावला की बसवाल्यांच्या शर्टाचं वरचं बटण तुटलं. अर्थात ते आधीपासूनच जीव मुठीत धरून होतं.

तिसरं म्हणून मालकांनी तेच गाणं घेतलं. पुढच्या रांगेत तीन पाठी ताठ झाल्या. बेस गिटार चालू लागली. मालकांनी ओळ सुरू केली. ओळ अर्ध्यावर आली, आणि गादीवाले, डॉक्टरीणबाई आणि बसवाले एकदम वर उडाले आणि टाळी वाजवत खाली आदळले.

पण ताफा आलाच नाही.

खरं सांगायचं तर थोडासा आला. कडेच्या ट्रम्पेटवाल्याला त्या खात्रीच्या टाळीने वाटलं की आपणच उशीर केला. त्याने घाईघाईने फुंकलं. त्याचं बघून सॅक्सोफोनवाल्याने फुंकलं. ड्रमवाला कुणाच्या मागे जावं या विचारात थबकला, बेसवाला एकटाच पुढे निघून गेला, आणि मालक ओळीच्या मधोमध तोंड उघडं ठेवून राहिले. सगळा बँड शिडीवरून सामान निसटावं तसा एकेक करत खाली आला आणि थांबला.

मालकांनी माइक खाली केला. "कोण होतं ते?"

बसवाले बुटाची नाडी बांधायला वाकले. त्यांच्या बुटांना नाडी नव्हती. गादीवाले उभे राहिले.

"मी, मालक. म्हणजे आम्ही. इथे उडी आहे ना."

"कसली उडी?"

"तुम्ही ओळ अर्धी सोडता आणि ताफा येतो. रेकॉर्डवर आहे."

"मी आयुष्यात ओळ अर्धी सोडलेली नाही."

"सोडता, मालक," गादीवाले म्हणाले. त्यांचा आवाज कापत होता, पण मुद्दा सुटत नव्हता. "फार सुंदर सोडता."

आता सभागृहात खसखस पिकली. डॉक्टरीणबाई त्यांच्या मदतीला उभ्या राहून त्या उडीचं गणित सांगू लागल्या, त्याने ती आणखी पिकली. मागच्या रांगेतून एक शांत, स्वच्छ आवाज आला.

"ओरखडा आहे हो रेकॉर्डवर. किती वर्षं सांगतेय."

यानंतर जे हसू उसळलं ते छतापर्यंत गेलं. मालकांची माणसंही हसली. मालक हसले नाहीत. त्यांनी गादीवाल्यांकडे बोट केलं. "कार्यक्रम संपल्यावर मागे येऊन भेटा मला." आणि गाणं पहिल्यापासून घेतलं. त्यात ओळ पूर्ण होती.

गादीवाले खुर्चीत बसले. स्वतःच्या हाताने शिवलेल्या त्या खुर्चीत त्यांना स्वतःलाच कोंबून वरून टाके घालावेसे वाटत होते. शेवटी पुढच्या रांगेला स्टेजवर बोलावणं आलं तेव्हा ते दरवाज्यापाशी पोचले होते. मागे जाऊन भेटायचं तर नावच नको.

दुसरा दिवस रविवारचा. गादीवाल्यांनी सकाळीच रेकॉर्ड कव्हरात घातली आणि भंगाराच्या पोत्यावर ठेवली.

"हे काय?" बायकोने विचारलं.

"इतकी वर्षं मी ओरखड्याच्या पाया पडत होतो."

"मग द्या टाकून. पण ती दोघं आत्ता येतील, त्यांना काय ऐकवू? माझी प्रवचनं?"

गादीवाल्यांनी काथ्या पिंजायला घेतला. "काल मी बोलायला नको होतं," ती म्हणाली. "पण ते तुम्हाला खोटं पाडत होते. म्हटलं, माझं माणूस खोटं बोलत नाहीये, एवढं तरी लोकांना कळू दे."

हे गादीवाल्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. तेवढ्यात बसवाले आणि डॉक्टरीणबाई आले, समाचाराला आल्यासारखे, खालच्या मानेने, आणि सोफ्याच्या अगदी कडेवर टेकले.

मग बाहेर एक गाडी थांबली. काठीचा आवाज आला. दारात मालक उभे होते.

तिघंही ताडकन उठले. बसवाल्यांच्या खालची स्प्रिंग उशिरा वर आली आणि तेवढीच काय ती बोलली.

"तुम्ही आला नाहीत," मालक म्हणाले. "व्यवस्थापकाकडून पत्ता घ्यावा लागला. अहो, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. ओळ अर्ध्यावर आली की पाय आपोआप उडायला बघतो. काय करून ठेवलंय तुम्ही? ऐकवा मला ते."

"मालक, तो नुसता ओरखडा आहे," गादीवाले पुटपुटले.

"ते तुमच्या बाईंनी सगळ्या गावाला सांगितलंय. ऐकवा."

पोत्यावरची रेकॉर्ड गादीवाल्यांच्या बायकोनेच उचलली, पदराने पुसली आणि नवऱ्याच्या तळहातांवर ठेवली. मालक मधल्या सोफ्यावर बसले. तो एका गिऱ्हाइकाने दोन महिन्यांपूर्वीच मागितलेला सोफा होता. तिसरं गाणं लागलं. रेकॉर्डवरचे तरुण मालक ओळ म्हणू लागले, ती अर्ध्यावर तुटली, ताफा कोसळला, आणि सवयीने, लाज विसरून, तिघं उडाले.

मालक जागच्या जागी राहिले. मग त्यांना हसू आलं, खोकला आला आणि पुन्हा हसू आलं. "वाईट आहे," ते डोळे पुसत म्हणाले. "संगीत म्हणून अगदीच वाईट. जिन्यावरून पडल्यासारखं. पुन्हा लावा."

पुन्हा लावलं. मालक उडाले, पण उशिरा. ताफा येऊन गेल्यावर.

"मालक, थोडं आधी," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या. "ताफ्याची वाट बघायची नाही."

"ताफ्याची वाट बघायची नाही? मीच बसवलाय तो ताफा."

"तो ओरखड्याच्या आधीचा."

पुन्हा लावलं. या वेळी मालक भलतेच आधी उडाले, कमरेला हात लावून खाली बसले, आणि बसवाल्यांचा चेहरा कित्येक वर्षांनी उजळला. "मलाही दोन वर्षं लागली, मालक. मनाला लावून घेऊ नका."

बाहेर गाडीने हॉर्न दिला. ड्रमवाला दारात डोकावला, म्हणाला, पुढच्या गावी पोचायला उशीर होईल. मालकांनी त्याच्याकडे न बघता काठी उगारली. "ये आत. बस इथे. तुला तर काल मुळीच सावरता आलं नाही." ड्रमवाला बिचारा फोमच्या थप्प्यावर टेकला. गादीवाल्यांच्या बायकोने दोन कप चहा जास्तीचा टाकला.

गादीवाले प्लेअरची सुई हातात धरून उभे होते. कालपासून गेलेला त्यांच्या चेहऱ्याचा रंग परत आला होता, आणि जरा जास्तच आला होता.

"पाय जमिनीला, मालक," ते म्हणाले. "दोन्ही. पाठ ताठ. तुम्ही गाण्याकडे लक्ष देताय, तिथेच चुकतंय. पुन्हा."

आणि त्यांनी सुई खाली ठेवली.