विमानात लोखंडाची पेटी

आमचे हे, कृष्णराव, जनमभर भिलाईच्या कारखान्यात होते. ऑफिसात क्लार्क. हाताले कधी ग्रीस लागलं नाई, पण बोलणं असं का भट्टी ह्यायनंच पेटवली. रिटायर झाले तरी आमच्या हुडको कॉलनीत कोणाचं गेट लागून राहिलं का हे जाऊन उभे. "पत्रा हलका लावला," म्हणत. करता काई येत नाई, सांगता सगळं येते.

आमच्या मृणालले बंगलोरले पोरगी झाली. जावयानं, पीयूषनं, बारशासाठी आमाले विमानाची तिकिटं धाडली. सस्तंवालं विमान. हातात एकेक बॅग न्यायची, सात किलोची, त्याच्यावर काई चालत नाई. आमी दोघंही पहिल्यांदाच उडून राहिलो होतो. माझी बॅग बाळंतिणीच्या लाडवायनंच भरली. उरली गोधडी. माझी माय भागाबाई गेली, तिच्या लुगड्यायची मी शिवली होती. आमच्यात पहिल्या नातवंडाले बारशाच्या दिवशी आजीच्या हातच्या गोधडीवरच निजवतात. माझा सारा जीव तिच्यातच होता.

"गोधडी माझ्याकडं दे," हे म्हणे. "मी पेटी बनवून राहिलो."

"पेटी कावून? पीयूष म्हणे ना, कापडाची बॅग घ्या."

"कापडाचा काय भरोसा वं?"

खुर्सीपारच्या टिकाराम वेल्डरकडून लोखंडी पत्र्याची पेटी करून आणली. विमानवाल्यायनं सांगितलेली लांबी, रुंदी, उंची, टेप लावून बरोबर. कोपऱ्यायले पट्ट्या, वर कडी, कुलूप. आल्यागेल्याले हात लावून दाखवत. मी इचारलं, "अजी, वजन केलं का हिचं?"

हे हासले. "अवं साधना, आमी टनात हिशोब करणारे लोक. सात किलो आमच्याकडं झाडूनं लोटून देतात."

घ्या. ह्या माणसासंगं मी जनम काढला.

रायपूरच्या विमानतळावर बॅगा तपासाले एक लोखंडी चौकट होती. पेटी तिच्यात अशी बसली का ह्यायची छाती फुगली. मागं वळून लायनीतल्या लोकायकडं पाह्यलं, जसे काई सगळे टाळ्याच वाजवतील. मंग काउंटरवरच्या पोरीनं पेटी काट्यावर ठेवाले लावली.

"अंकल, साढ़े नौ किलो है. अंदर नहीं जाएगा. पैसे भरके नीचे भेज दीजिए."

पैसे भरतील तर हे कृष्णराव कसले! अर्धा घंटा तिले पेटीची लांबी-रुंदी समजावली. मंग पेटी रिकामी केली. रिकामी पेटी सहा किलो! सहा किलो नुसतं लोखंड, आन् हे निघाले विमानात.

ह्यायनं आपले दोन शर्ट काढले आन् अंगातल्या शर्टावर चढवले. वरून स्वेटर. मे महिन्यात. तेवढी अक्कल चालली. आन् गोधडी? ते बाजूच्या खुर्चीवर ठेवून देली.

"अजी, पेटी ठेवा ना इथं!"

"पेटी? डोस्कं फिरलं का तुझं? कोपरे पाह्यले का तिचे? गोधडी काय, बंगलोरले दुकानात भेटते."

खरं सांगू? त्या घडीले मले ह्या माणसाची शिसारी आली. माझ्या मायची लुगडी खुर्चीवर टाकून हे रिकामं डबडं छातीशी धरून उभे! मी सरळ गोधडी उचलली आन् डोक्यावरून अंगभर लपेटून घेतली.

"आंटी, तबीयत ठीक है?"

"ठंड लगती है, बेटा."

पोरीनं माझ्याकडं पाह्यलं, ह्यायच्या तीन कॉलरीकडं पाह्यलं, आन् जाऊ देलं.

बसमधी, विमानात, उतरल्यावर टॅक्सीत, गोधडी मी अंगावरून सोडली नाई. कोणी हिसकून घेईल असंच वाटे. घामानं ब्लाउज पाठीले चिकटला. आमचे हे मात्र घडीघडी उठून वरच्या कप्प्यात पेटीले ओरखडा तर नाई पडला, हे पाहून राहिले होते.

त्याच संध्याकाळी बारसं, कपडे बदलालेही सवड भेटली नाई. गोधडीवर पोरीले निजवलं तवा माझे डोळे भरून आले. विहीणबाई म्हणाल्या, "किती सुरेख शिवलीय! एवढ्या लांबून नीट आणलीत."

मी तोंड उघडणार, तर हे खुर्चीत सावरून बसले. "नीट येणारच ना. आपल्या पेटीतून आणली. घडी मोडली नाई."

खोटं बोलताना पापणी लवली नाई! पाहुणे पेटी पाहाले वळले. मृणाल पोरीले उचलाले वाकली. उचलता उचलता तिचं तोंड गोधडीले लागलं आन् ते तशीच थांबली. मंग माझ्याकडं पाह्यलं. माझा ब्लाउज अजून ओलाच होता.

"बाबा," ते म्हणाली, "पेटीत गोधडी होती, तर तिच्यात आईच्या घामाचा वास कसा येऊन राहिला?"

हे उठले, कोपऱ्यातल्या पेटीचं कुलूप उघडलं, आत पाह्यलं, आन् परत लावून टाकलं.